तीन अधिक तीन

कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत कला शाखेची पदवी तीन वर्षांची. अर्थशास्त्राची पदवीही तीन वर्षांची. दोन्ही एकत्र घ्यायच्या म्हटल्या तर चार वर्षं लागतात. मुलीला तिकडे पाठवायला निघालेल्या एखाद्या मराठी घरात हा हिशेब मांडला, की कुणीतरी वडीलधारं माणूस भुवया उंचावतंच. तीन आणि तीन चार? म्हणजे यात पाणी घातलेलं असणार.

पाणी घातलेलं नसतं, वजाबाकी केलेली असते. तिथे एका पदवीला १४४ युनिट लागतात. एक विषय साधारण ६ युनिटांचा, म्हणजे २४ विषय. त्यातले काही ठरलेले असतात आणि बाकीचे विद्यार्थ्याने आपल्या आवडीप्रमाणे विद्यापीठातून कुठूनही उचलायचे असतात. दुहेरी पदवी घेणारा हे आवडीचे विषय सोडून देतो आणि त्या जागेत दुसरी पदवी बसवतो. कलेकडचे ९६ युनिट, अर्थशास्त्राकडचे ९६, मिळून १९२. ३२ विषय, चार वर्षं, दोन पदव्या. सहज गंमत म्हणून एखादा लांबचा विषय शिकून बघण्याची चैन त्यात जाते. पण काय सोडायचं आणि काय ठेवायचं, हे विद्यापीठाने आधी बसून ठरवलेलं असतं.

पुण्या-मुंबईत हिशेब निराळा आहे. आपल्याकडे तीन आणि तीन सहाच राहतात. फक्त ते सहा तीन वर्षांत उरकायचे असतात.

*

एप्रिल २०२२पर्यंत आपल्याकडे एका वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घेता येत नव्हत्या. त्या महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दार उघडलं. प्रत्यक्ष वर्गात बसून दोन्ही पदव्या घेता येतात, मात्र दोन्हीकडच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक पदवी वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेता येते. दोन्ही दूरशिक्षणाने घेतल्या तरी चालतं. पीएच.डी.ला ही सवलत नाही. जून २०२५मध्ये आयोगाने आणखी एक गाठ सोडवली: एप्रिल २०२२च्या आधी नियमात बसवून घेतलेल्या दोन पदव्याही ग्राह्य धरल्या. नोकरीच्या अर्जात दोन पदव्यांची वर्षं एकच दिसल्यामुळे ज्यांचे कागद अडकत होते, त्यांना याचा उपयोग.

कागदावर हे सोपं आहे. प्रवेशाच्या खिडकीवर गेलं, की पहिला प्रश्न टीसीचा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो आणि दोन्ही महाविद्यालयांना तोच हवा असतो. दाखल्यापायी विद्यार्थ्यांना अडवू नका, असं आयोगाला पुढे विद्यापीठांना कळवावं लागलं. त्यानंतरचा प्रश्न हजेरीचा. दोन्हीकडे पंचाहत्तर टक्के हजेरी लागत असेल आणि एक महाविद्यालय सकाळी साडेसातला तर दुसरं दुपारी भरत असेल, तर मधल्या वेळात शहर ओलांडायचं असतं. त्यातूनही निभावलं, तरी सत्रपरीक्षेच्या तारखा दोन विद्यापीठं एकमेकांना विचारून ठरवत नाहीत. एकाच सकाळी इकडे ‘सूक्ष्म अर्थशास्त्र’ आणि तिकडे ‘मध्ययुगीन भारत’ आला, की एका पेपरला केटी नक्की.

म्हणून प्रत्यक्षात बहुतेक मुलं दुसरी वाट धरतात: एक पदवी ‘रेग्युलर’ आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. टपालाने किंवा मोबाइलवर पुस्तकं, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं आणि मग परीक्षा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये अशी मुलं सहज भेटतात. तिथे कारणं रोखठोक असतात. स्पर्धा परीक्षेला अर्थशास्त्र हवं आणि वैकल्पिक विषय म्हणून इतिहास किंवा मराठी सोयीचं वाटतं. कुणाला बी.एड. करायचं असतं. अर्थशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून अकरावीतच भेटतो, शाळेत शिकवायचं तर दुसरा विषय पाठीशी असलेला बरा. हे हिशेब मला अजिबात कमी प्रतीचे वाटत नाहीत. घरून महिन्याला ठरावीक रक्कम येते आणि तिला तारीख असते, त्या वयात माणसाने असाच हिशेब करावा.

मात्र या मुलांना ‘दोन विषय एकमेकांना कुठे भेटतात का?’ असं विचारलं, तर उत्तर यायला वेळ लागतो. बहुतेकांसाठी ते भेटतच नाहीत. सोमवार ते शनिवार एक आणि रविवारी दुसरा.

*

गंमत अशी, की महाराष्ट्रात अर्थशास्त्र आणि इतिहासासारखे कलेचे विषय वेगळे कधी नव्हतेच. तालुक्याच्या कुठल्याही कला महाविद्यालयात जा, अर्थशास्त्राचा विभाग मराठी आणि इतिहासाच्या विभागांशेजारीच असतो. बी.ए. ‘स्पेशल इकॉनॉमिक्स’ करणारी मुलगी जनरलला इतिहास किंवा राज्यशास्त्र घ्यायचीच. मुंबई विद्यापीठ १८५७चं. त्याच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांमधले महादेव गोविंद रानडे इतिहास आणि अर्थशास्त्र हेच विषय घेऊन पुढे गेले. १८९२ साली त्यांनी डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. त्याचा गाभा असा, की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सगळ्या काळी लागू पडत नाहीत. देशाचा इतिहास, त्याच्या संस्था, तिथल्या माणसांच्या सवयी आधी बघाव्या लागतात. हे म्हणायला अर्थशास्त्र तर यावं लागतंच, पण इतिहासही यावा लागतो. याच रानड्यांनी पुढे मराठ्यांच्या राज्यातल्या टांकसाळी आणि नाणी यांवर निबंध लिहिला आणि १९००मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरचं पुस्तक. त्यांच्या लेखी ही दोन खाती नव्हतीच.

इंग्लंडात फारकत साधारण त्याच सुमारास होत होती. केंब्रिजमध्ये आल्फ्रेड मार्शल यांनी १९०३ साली अर्थशास्त्राची स्वतंत्र पदवी सुरू करून घेतली. तोवर तो विषय नीतिशास्त्र आणि इतिहास यांच्या छत्राखाली होता. मार्शल स्वतः मूळचे गणिताचे. पुढच्या शतकभरात त्या विषयाने गणिताचा हात धरला तो सोडला नाही. ऑक्सफर्डने १९२०च्या सुमारास उलटी दिशा घेतली आणि तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांची एकच पदवी बांधली. तीच आज पीपीई म्हणून ओळखली जाते.

पण या विषयांचं एकत्र येणं कसं दिसतं हे बघायचं, तर ऑक्सफर्डला जायची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कोलंबिया विद्यापीठातली विषयांची यादी पुरेशी आहे. एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाल्यावर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३मध्ये न्यूयॉर्कला पोचले. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेले अभ्यासक्रम असे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी १. बेरीज केली तर ६०. म्हणजे अर्थशास्त्र निम्म्याला थोडं कमी आणि बाकीचं सगळं मिळून निम्म्याहून थोडं जास्त. कॅनबेराचं ९६-९६चं वाटप आणि हे, फार लांब नाहीत. फरक इतकाच, की इथे वाटप विद्यार्थ्याने स्वतः केलं होतं.

आणि त्याचा परिणाम दिसतो. मे १९१६मध्ये त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. विषय समाजाचा, पण युक्तिवाद हिशेबाचा. जातीला आपल्याच आत लग्नं लावायची असतील, तर लग्नाच्या वयाच्या स्त्रियांची आणि पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की एक स्त्री ‘जास्तीची’ होते, बायको मेली की एक पुरुष. या जास्तीच्या माणसांचं काय करायचं, या प्रश्नाची उत्तरं म्हणजे सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. ताळेबंद मांडायची सवय असलेल्या माणसालाच हा प्रश्न असा विचारता येतो. नुसता ताळेबंद येणाऱ्या माणसाला मात्र तो सुचला नसता. त्याच वर्षी लंडनला जाऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन असे दोन प्रवेश एकदम घेतले, अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी. शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत यावं लागलं, मध्ये सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि पुन्हा जाऊन दोन्ही पुरं केलं. १९२३ची डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरची आहे. टीसीच्या खिडकीवर अडून बसलेल्या कारकुनाला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

*

दोन विषय एकत्र शिकल्याने नेमकं काय मिळतं, हा प्रश्न हवेत ठेवण्यात अर्थ नाही. एक उदाहरण घेतो. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ आलं. महसूल खात्यात नोकरी केलेला हा माणूस. गावं त्याने चालून पाहिलेली. वतनं, बलुतं-अलुतं, फिरस्ते, सणावारांचा खर्च, सगळं त्याने लिहून काढलं, तेही अशा मराठीत की आजही मराठी विभागात ते पुस्तक भाषेसाठी वाचलं जातं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७मध्ये, हॅरल्ड मॅन यांचं ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ आलं. मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, मूळचे रसायनशास्त्राचे. त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव घेतलं आणि घराघरातून जमीन, पीक, कर्ज, मजुरी यांचे आकडे गोळा केले. (आज तिथे सोसायट्यांचे मनोरे आहेत आणि फ्लॅटचा भाव चौरस फुटावर बोलला जातो.) मॅन यांचा सगळ्यात गाजलेला आकडा असा: १७७१मध्ये त्या गावात सरासरी धारणा ४० एकर होती, १९१५पर्यंत ती ७ एकरांवर आली.

अर्थशास्त्राच्या वर्गात हा आकडा शेतीच्या तुकडेकरणाच्या प्रकरणात येतो. लोकसंख्या वाढली, वारसाहक्काने वाटण्या झाल्या, धारणा लहान झाल्या. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. मराठीच्या वर्गात ‘गावगाडा’ आला तर समाजचित्रण, भाषाशैली, म्हणी आणि वाक्प्रचार. तिथेही गुण मिळतात. दोन्ही पुस्तकं एका टेबलावर ठेवली, की दोन्ही वर्गांत न विचारलेले प्रश्न उभे राहतात. कुणब्याच्या खळ्यावरून बलुत्याचं धान्य निघून गेल्यावर त्याच्याकडे उरायचं किती? आत्रे हा प्रश्न पोटतिडकीने मांडतात. त्यांची सहानुभूती कुणब्याकडे आहे आणि हक्कदारांच्या लांबलचक रांगेवर त्यांचा रोष आहे. मॅन यांच्या पद्धतीने बघितलं, तर त्या उरलेल्याची किंमत काढता येते. ७ एकरांत ती रांग पोसली जाईल का, हे मग नुसतं मत राहत नाही.

आणि याच टेबलावर तिसरं पुस्तक ठेवलं, दया पवारांचं १९७८चं ‘बलुतं’, तर आत्र्यांची बाजू एकदम लंगडी दिसायला लागते. कारण ज्याला कुणबी ‘देणं’ म्हणतो, ते घेणाऱ्याच्या बाजूने काय असतं, हे तिथे पहिल्यांदा कळतं. हक्क आणि भीक यांच्यातली रेघ खळ्यावर उभं राहिलेल्या माणसाला कशी दिसते, याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही. पण रकाना नाही हे ओळखायलाही आधी तक्ता वाचता यायला हवा. तिन्ही पुस्तकांचे मिळून एका अभ्यासक्रमात चार तास काढणारा प्राध्यापक कुठेतरी असेलच. त्याच्या वर्गात बसायला मला आवडेल.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे दुसरं टोक. गोव्यात जन्मलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला हा गणिती फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना आहत नाण्यांचे साठे वजन करून मोजत होता. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. वजनांची घट संख्याशास्त्राने वाचली, तर कुठलं नाणं किती काळ चलनात होतं याचा अंदाज येतो. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच आहे. कोसंबी अपवाद होते हे खरं, पण त्यांच्या हातात असलेली साधनं काही गूढ नव्हती.

*

इथेच अडचण येते, आणि ती दुहेरी पदवीच्या नियमांत नाही. ती दहावीनंतरच्या उन्हाळ्यात आहे.

दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला प्रवेश हवा तर बारावीला गणित लागतं. परदेशात अर्थशास्त्राच्या कुठल्याही बऱ्या पदवीत संख्याशास्त्र आणि अर्थमिती सक्तीचे असतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक कला महाविद्यालयांत बी.ए. अर्थशास्त्राला बारावीचं गणित विचारत नाहीत, आणि ही उदारता गोड वाटली तरी तिचं बिल पुढे येतं. एम.ए.ला, संशोधनाला, एखाद्या धोरण-संस्थेतल्या पहिल्या मुलाखतीला. मराठी माध्यमातून, आकृत्या पाठ करून पदवी मिळवलेली मुलगी हुशार असते, कष्टाळू असते, आणि समोरच्या कागदावर प्रतिगमनाचा तक्ता आला की गप्प होते.

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कंसात काय छापलेलं असतं, बघा: कला आणि विज्ञान. म्हणजे मंडळाच्या मते कला शाखेच्या मुलांनी हे गणित घ्यायला काहीच हरकत नाही. पुस्तक त्यांच्याही नावाचं आहे. प्रत्यक्षात कला शाखेच्या अकरावीला गणित शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालयं शोधायला लागतात. तुकडीत पाच मुलं घेणारी असतील तर शिक्षक मिळत नाही, शिक्षक नाही म्हणून विषय नाही, विषय नाही म्हणून पाच मुलंही येत नाहीत. ‘आर्ट्सला कशाला गेलीस?’ आणि ‘गणित सुटलं एकदाचं’ ही दोन वाक्यं आपल्या घरांत एकाच उन्हाळ्यात, अनेकदा एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवलं आणि इतिहास-अर्थशास्त्रही. अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि १८९७मध्ये वेल्बी आयोगापुढे जाऊन ब्रिटिशांच्या हिंदुस्थानवरच्या खर्चाची आकड्यांनिशी चिरफाड केली. आजच्या प्रवेशप्रक्रियेत ते कुठल्या शाखेत बसले असते, याचा विचार करून बघावा.

म्हणून दुहेरी पदवीचा विचार करणाऱ्या मुलांना माझं सांगणं थोडं उलटं आहे. दुसरी पदवी घेण्याआधी गणिताचं एक वर्ष घ्या. बारावी कला असलात, तरी संख्याशास्त्राचा एखादा स्वयं पोर्टलवरचा अभ्यासक्रम मन लावून करा. मग ठरवा.

*

आणि दुसऱ्या पदवीची खरंच गरज आहे का, हेही. कारण वजाबाकी करणारा एक रस्ता आपल्याकडेही आता आहे, फक्त त्याची जाहिरात कमी होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये पदवीचा जो आराखडा काढला, त्यात दुहेरी मेजरची सोय आहे: दुसऱ्या विषयाचे किमान चाळीस टक्के क्रेडिट मिळवायचे. तीन वर्षांच्या १२० क्रेडिटच्या पदवीत हे ४८ होतात, चार वर्षांच्या १६०च्या पदवीत ६४. पदवी एक, टीसी एक, परीक्षेचं वेळापत्रक एक. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांमध्ये हा नवा ढाचा २०२४-२५पासून आला. अर्थात आराखड्यात सोय असणं आणि आपल्या महाविद्यालयात ती मिळणं यांत अंतर आहे. बऱ्याच ठिकाणी मेजर-मायनरच्या जोड्या कुठले प्राध्यापक कुठल्या वेळेला मोकळे आहेत यावरून ठरतात. तरीही प्रवेश घेताना ‘मायनर काय देता?’ असं न विचारता ‘दुहेरी मेजर देता का, आणि अर्थशास्त्राबरोबर कुठला?’ असं विचारावं. दहा पालकांनी विचारलं तर वेळापत्रक बदलतं. महाविद्यालयं तेवढी निबर नसतात.

महाराष्ट्राच्या या नव्या ढाच्यात फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिटही आहेत. सध्या त्यात बऱ्याचदा बँकेची भेट आणि चार फोटोंची फाइल होते. त्याऐवजी इतिहास आणि अर्थशास्त्र एकत्र शिकणाऱ्या मुलीने आपलं स्वतःचं गाव घ्यावं. आजच्या धारणांसाठी सातबारा आणि आठ-अ. महाभूलेखच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट बघता येतो. जुन्या धारणांसाठी तहसील कचेरीतल्या जुन्या नोंदी. कुणाचं शेत कुणाकडे कसं गेलं, कुठल्या वर्षी, कुठल्या लग्नासाठी किंवा कुठल्या दुष्काळात, हे विचारायला आजी. पहिल्या दोन गोष्टींचे तक्ते करायचे, तिसरीचं लेखन करायचं, आणि जिथे आजीचं सांगणं आणि तलाठ्याची नोंद जुळत नाही तिथे थांबून दोन पानं जास्त लिहायची.